चारशे यार्डांची कोंडी

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ज्यांनी ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ हा विषय घेतला, त्यांना करवतीच्या दातांचा तो आलेख आठवत असेल. रेघ आधी उसळी मारून वर जाते, मग पायरीपायरीने चढते, एकदम निम्म्यावर कोसळते, पुन्हा चढते, पुन्हा कोसळते. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. आलेख नीट काढून त्यावर ‘स्लो स्टार्ट’, ‘कंजेशन अव्हॉयडन्स’ अशी नावं टाकली की गुण मिळतात, म्हणून मुलं तो पाठ करतात. मीही केला होता. रेघ निम्म्यावरच का कोसळते, पाव हिश्श्याने का घसरत नाही, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. हा आलेख म्हणजे एका अपघातानंतर घातलेल्या टाक्यांचा व्रण आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

अपघात झाला ऑक्टोबर 1986मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत. तिथे टेकडीवर लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरी आहे आणि तिच्याखाली युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा परिसर. नेटवर्कच्या या दोन ठिकाणांमधलं अंतर 400 यार्ड, म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे मीटर. चालत गेलं तर पाच मिनिटं. एरवी या दोघांत सेकंदाला 32 हजार बिट इतका मजकूर सहज जात असे. त्या महिन्यात तो वेग घसरून सेकंदाला 40 बिटवर आला. 40 बिट म्हणजे रोमन लिपीतली पाच अक्षरं. दोन हजार अक्षरांचं एक पान पाठवायला पूर्वी अर्धा सेकंद लागायचा, आता पावणेसात मिनिटं. त्यापेक्षा पान छापून हातात घेऊन टेकडी उतरलेला माणूस आधी पोचला असता.

तार तुटली नव्हती. यंत्रं बंद पडली नव्हती. उलट, तारा अगदी भरभरून वाहत होत्या. नळ धो धो सुटलेला आणि टाकी मात्र भरत नाही, असा तो प्रकार होता.

लॅबोरेटरीत काम करणारा व्हॅन जेकबसन या प्रकाराने चक्रावला. खाली विद्यापीठात माइक कॅरेल्स होता. बर्कलीची युनिक्स प्रणाली सांभाळणाऱ्या गटातला हा माणूस, आणि अमेरिकेतल्या असंख्य विद्यापीठांत याच गटाने लिहिलेला नेटवर्कचा कोड चालत असे. दोघांनी मिळून शोध सुरू केला. पुढे 1988 साली जेकबसनने जो निबंध लिहिला, त्याच्या सुरुवातीलाच तो सांगतो की त्यांच्यापुढे दोन शंका होत्या: आपलाच कोड चुकीचा वागतोय का? आणि नेटवर्कची अवस्था वाईट असतानाही तो बरा चालेल असं काही करता येईल का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ निघालं. संशोधनाच्या निबंधात स्वतःच्या कोडबद्दल असा कबुलीजबाब क्वचितच वाचायला मिळतो.

आता थोडं मागे जायला हवं, कारण चूक एकट्या बर्कलीची नव्हती.

इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट 1969 साली सुरू झालं तेव्हा दर ठिकाणी मोठ्या संगणकाच्या शेजारी ‘इम्प’ नावाचं एक वेगळं यंत्र बसवलेलं असे. निरोपाचे तुकडे (पॅकेटं) करणं, ते पुढे ढकलणं, हरवले तर पुन्हा मागवणं, आत गर्दी झाली तर यजमान संगणकाला थोपवून धरणं, ही सगळी उस्तवार इम्प करत. संगणकाने निरोप इम्पच्या हाती दिला की त्याची काळजी मिटली. जुन्या वाड्यातल्या विश्वासू दिवाणजीवर सगळा कारभार टाकून मालकाने झोपाळ्यावर बसावं, तसं.

पण नेटवर्क एकच राहिलं नाही. उपग्रहावरचं वेगळं, रेडिओवरचं वेगळं, इमारतीतलं इथरनेट वेगळं. या सगळ्यांना जोडायचं तर प्रत्येकात इतका हुशार दिवाणजी कुठून आणणार? फ्रान्समध्ये लुई पूझाँने सिक्लाद नावाच्या नेटवर्कवर दाखवून दिलं होतं की मधल्या यंत्रणेने फक्त पॅकेट पुढे ढकलावं आणि हरवल्या-सापडल्याचा हिशेब दोन टोकांच्या संगणकांनी ठेवावा. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 साली मांडलेल्या टीसीपी या नियमावलीत हाच विचार आला आणि 1 जानेवारी 1983 रोजी अर्पानेटने जुनी पद्धत सोडून टीसीपी-आयपी घेतलं. मधली गेटवे यंत्रं, ज्यांना आपण आता राउटर म्हणतो, ती जाणूनबुजून साधी ठेवली गेली. पॅकेट आलं, रांगेत लावलं, पुढच्या तारेवर सोडलं. रांग भरली की नवीन आलेलं पॅकेट टाकून दिलं, आणि तेही बहुतेकदा कुणाला न सांगता.

टोकाच्या संगणकाकडे काय होतं? पॅकेट पाठवायचं, पोच यायची वाट पाहायची, ठरावीक वेळात पोच आली नाही तर ते हरवलं असं धरून पुन्हा पाठवायचं. शिवाय, घेणारा आपल्याकडे किती जागा शिल्लक आहे ते दर पोचेबरोबर कळवत असे. तेवढी पॅकेटं एकदम पाठवायची मुभा. हिलाच विंडो म्हणतात. 1981 सालच्या टीसीपीच्या अधिकृत मसुद्यात हे सगळं तपशीलवार आहे. घेणाऱ्याच्या कोठारात जागा किती, याची विचारपूस आहे. वाटेतल्या रस्त्यावर जागा किती, हे मात्र विचारायची सोयच नाही.

आणि रस्ता अरुंद होता. इमारतीतलं इथरनेट सेकंदाला एक कोटी बिट नेणारं, बाहेर जाणारी अर्पानेटची तार 56 हजारांची. म्हणजे जवळजवळ 180 पट फरक. संगणकाने विंडोभर पॅकेटं इथरनेटवर एका दमात फेकली की ती सगळी गेटवेच्या तोंडाशी येऊन आदळणार. काही रांगेत बसणार, बाकीची कचऱ्यात.

इथपर्यंतही चाललं असतं. खरी गोम पुढे आहे. रांग लांबली की पोच यायला उशीर होतो. पाठवणाऱ्याचा धीर त्या आधीच संपतो आणि तो तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. मूळ पॅकेट हरवलेलं नसतं, रांगेत उभं असतं. आता त्याच्यामागे त्याची नक्कलही उभी राहते. रांग आणखी लांबते, म्हणून आणखी काहीजणांचा धीर सुटतो, आणखी नकला येतात. बोरघाटातल्या कोंडीशी याची तुलना करावीशी वाटते, पण ती पुरी पडत नाही. घाटात अडकलेली गाडी निदान एकच असते. इथे अडकलेली गाडी पोचली नाही म्हणून घरून तशीच दुसरी गाडी सोडतात, मग तिसरी. थोड्याच वेळात तार क्षणभरही रिकामी नसते आणि तिच्यावरून जाणारं बहुतेक सगळं आधी कधीतरी जाऊन आलेलं असतं. याहून वाईट म्हणजे, ही अवस्था स्थिर असते. सुरुवातीचा लोंढा ओसरला तरी कोंडी आपोआप सुटत नाही.

हे कुणाला दिसलंच नव्हतं असं नाही. फोर्ड एरोस्पेस या कंपनीत काम करणाऱ्या जॉन नेगलने जानेवारी 1984मध्येच एक टिपण प्रसिद्ध करून वर सांगितलेलं सगळं जवळपास याच क्रमाने मांडलं होतं, आणि ‘कंजेशन कोलॅप्स’ हे नावही वापरलं होतं. कंपनीच्या खाजगी नेटवर्कवर तारा मंद आणि गर्दी जास्त, म्हणून त्याला दुखणं आधी कळलं. अर्पानेटवर हे का दिसत नाही, तर तिथे गरजेपेक्षा जास्त क्षमता पडून आहे, असंही त्याने स्पष्ट लिहिलं होतं. कीबोर्डवर एक अक्षर दाबलं की एका बाइटच्या मजकुरासाठी 40 बाइटांचं वेष्टण निघतं, हा त्याचा हिशेब आजही वर्गात सांगतात. त्यावर त्याने सुचवलेला उपाय, म्हणजे आधीच्या पॅकेटची पोच येईपर्यंत किरकोळ अक्षरं साठवून मग एकत्र पाठवणं, त्याच्याच नावाने ओळखला जातो. मुख्य इशारा मात्र पावणेतीन वर्षं तसाच पडून राहिला. क्षमता पडून असेपर्यंत असल्या टिपणांना कोण विचारतो?

जेकबसन आणि कॅरेल्स यांनी कोडमधली चूक शोधण्यात बरेच महिने घालवले. पुढे जेकबसन सांगत असे की आमचा प्रश्नच उलटा होता. हे बिघडलं कसं, असं आम्ही विचारत होतो. विचारायला हवं होतं की इतके दिवस हे चाललं तरी कसं.

चाललं होतं एका योगायोगावर. समजा संवाद सुरळीत सुरू आहे. अरुंद तार जेवढ्या अंतराने पॅकेटं सोडते, तेवढ्याच अंतराने ती पलीकडे पोचतात, तेवढ्याच अंतराने पोच परत येते, आणि दर पोचेला एक याप्रमाणे नवीन पॅकेट निघतं. पाठवणाऱ्याला तारेचा वेग ठाऊक नसतो, तरी तिचा ताल त्याच्यापर्यंत पोचतो. एक बाहेर पडल्याशिवाय दुसरं आत येत नाही. पाण्याच्या नळीसारखं हे आपसूक स्थिर राहतं. पण हा ताल धरायला आधी पोच यायला हव्यात, आणि पोच यायला आधी पॅकेटं जायला हवीत. सुरुवात कशी करायची? जुना कोड सुरुवातीलाच पूर्ण विंडो फेकत असे आणि ताल बसायच्या आतच रांग फोडत असे.

निबंधात यासाठी एक चाचणी दिली आहे. सन कंपनीचे दोन संगणक, दोन वेगवेगळ्या इथरनेटवर, मधे सेकंदाला दोन लाख तीस हजार बिटांचा मायक्रोवेव्ह दुवा. दुव्यावरून सेकंदाला 20 किलोबाइट जाऊ शकत होते; जुन्या पद्धतीने सात गेले. जवळजवळ प्रत्येक पॅकेट एकदा तरी पुन्हा पाठवावं लागलं, आणि 54 ते 58 किलोबाइटांमधला तुकडा तर पाच वेळा गेला. लक्षात घ्या, या चाचणीत दुसऱ्या कुणाची गर्दी नव्हती. एकटा संगणक स्वतःच स्वतःची कोंडी करत होता.

उपाय ऐकायला फारच साधा आहे. सुरुवात एका पॅकेटने करा. पोच आली की दोन पाठवा, त्यांची पोच आली की चार, मग आठ. यालाच स्लो स्टार्ट म्हणतात, आणि दर फेरीला दुप्पट होणाऱ्या गोष्टीला ‘स्लो’ का म्हणावं, असा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारतोच. विंडोभर पॅकेटं एकदम फेकण्याच्या मानाने ती संथ, एवढाच अर्थ. हे नाव जेकबसनचं नव्हे. मार्च 1987मध्ये नेगलने एका पत्रात ते वापरलं, आणि आमच्या नावापेक्षा हे सरस म्हणून आम्ही लगेच उचललं, असं जेकबसनने तळटीपेत नोंदवलंय. ज्याचा इशारा दुर्लक्षिला गेला, त्याने निदान नामकरण तरी केलं.

दुसरी दुरुस्ती धीराची. पोचेची वाट किती पाहायची? जुना नियम असा: नेहमी लागणाऱ्या सरासरी वेळेच्या दुप्पट. जेकबसनने दाखवलं की तारेवरचा भार 30 टक्क्यांच्या वर गेला की हा अंदाज कोसळतो, कारण गर्दीत सरासरी वाढते त्याहून जास्त चढउतार वाढतात. रोज 50 मिनिटं लागणारी लोकल आणि कधी 40 तर कधी 80 मिनिटं लागणारी लोकल, यांची वाट वेगवेगळ्या हिशेबाने पाहायला हवी, हे ठाण्याच्या पलीकडून येणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. टीसीपीला ते सांगावं लागलं. आता सरासरीबरोबर चढउतारही मोजायचे, आणि तेही अपूर्णांक न वापरता, पूर्णांकांची बेरीज आणि बिट सरकवणं एवढ्यावर, कारण तेव्हाच्या यंत्रांना त्याहून जास्त गणित दर पॅकेटला झेपत नव्हतं. निबंधाच्या परिशिष्टात कोडच्या त्या मोजक्या ओळी आहेत. मला विचाराल तर सगळ्या निबंधातला सर्वांत देखणा भाग तोच.

आणि तिसरी दुरुस्ती म्हणजे करवतीचे दात.

राउटर काही बोलत नाही. मग रस्ता भरलाय हे ओळखायचं कसं? जेकबसनचा तर्क असा की तारेवरच्या दोषामुळे पॅकेट खराब होण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही बरंच कमी असतं. तेव्हा पॅकेट हरवलं तर ते कुठल्यातरी भरलेल्या रांगेने टाकून दिलं असंच समजावं. पोच न येणं हाच निरोप. असा निरोप आला की विंडो निम्मी करायची, मग दर फेरीला एकेकाने वाढवत पुन्हा अंदाज घ्यायचा. हेच ‘कंजेशन अव्हॉयडन्स’. निम्मीच का? याचं उत्तर निबंधात आहे, आणि ते गणितापेक्षा शेजारधर्माकडे झुकणारं आहे. दुप्पट करत चढताना पॅकेट हरवलं, तर आदली फेरी, म्हणजे निम्मी विंडो, व्यवस्थित पार पडली होती हे ठाऊक असतं. आणि सुरळीत चाललेलं असताना हरवलं, तर बहुधा रस्त्यावर नवीन कुणीतरी आलाय. आपण एक होतो, आता दोघं झालो. तेव्हा अर्धा रस्ता त्याचा.

याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत के. के. रामकृष्णन आणि राज जैन हे दोन भारतीय संशोधक दुसऱ्या बाजूने याच जागी येत होते. त्यांच्या योजनेत राउटर अगदीच मुका नव्हता. रांग वाढू लागली की तो पॅकेटमधला एक बिट खुणेसाठी बदलायचा आणि पाठवणारा आवरतं घ्यायचा. विंडो निम्मी नाही, फक्त सात-अष्टमांश करायची. दोन्ही निबंध 1988च्या ऑगस्टमध्ये स्टॅनफर्डला एकाच परिषदेत वाचले गेले. मला स्वतःला राउटरने वेळीच खूण करणं जास्त सभ्य वाटतं. पॅकेट फेकून देऊन समज देणं म्हणजे खेकसण्यासारखं आहे. पण खूण करण्यासाठी वाटेतला प्रत्येक राउटर बदलावा लागला असता. जेकबसनच्या दुरुस्तीला फक्त टोकाचे संगणक बदलणं पुरेसं होतं. तीच आधी पसरली. एकेकाने वाढवणं आणि पटीने कमी करणं, असं सगळ्यांनी केलं तर वाटणी हळूहळू समान होत जाते, याची सिद्धता च्यू आणि जैन यांनी 1989मध्ये दिली. म्हणजे बर्कलीत जे अंदाजाने केलं होतं, त्याचं गणित नंतर आलं.

पसरली ती हुकमाने नव्हे. जून 1988मध्ये बर्कलीने ‘टाहो’ नावाची आवृत्ती काढली, तिच्यात हे बदल होते, आणि बर्कलीचा नेटवर्क कोड घेऊन आपली यंत्रं चालवणारे पुष्कळ होते. ऑक्टोबर 1989मध्ये इंटरनेटवरच्या प्रत्येक संगणकासाठी हे नियम बंधनकारक असल्याचं अधिकृत मसुद्यात लिहिलं गेलं. बंधनकारक, पण पाळतंय की नाही ते पाहणारा कुणी नाही आणि दंडही नाही. एखाद्याने जुनाच हावरा कोड चालू ठेवला, तर बाकीचे मागे सरकल्यावर मोकळी झालेली जागा त्यालाच मिळणार. लोक अशी संधी सोडत नाहीत, याची जाणीव तेव्हाही होती. 1987 साली एनएसएफनेट या नेटवर्कवर गर्दी असह्य झाली, तेव्हा तिथे फाइलींच्या आधी टर्मिनलवर बसलेल्या माणसांची पॅकेटं सोडायला सुरुवात झाली. पण ते उघडपणे जाहीर केलं नाही, कारण लोक मग फाइलींनाच टर्मिनलचा वेष चढवून पाठवतील, ही धास्ती होती.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? त्याच 1986 साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, खुद्द इलेक्ट्रॉनिक्स खातं आणि मुंबईत जुहूला असलेलं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी), असे त्यातले भिडू. शहरांना जोडणाऱ्या भाड्याच्या तारा सेकंदाला 9600 बिटांच्या होत्या. बर्कलीची बिघडण्याआधीची अवस्था आपल्या तिप्पट वेगाची होती म्हणायची. अर्नेटवर सुरुवातीची काही वर्षं टीसीपी-आयपी आणि ओएसआय ही तिची प्रतिस्पर्धी नियमावली, असे दोन्ही संसार शेजारी शेजारी नांदले. 1995च्या सुमारास जवळजवळ टीसीपी-आयपीच उरलं.

टाहोनंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत तारा हजारो पटींनी रुंद झाल्या आणि करवत चालतच राहिली. मग मेमरी स्वस्त झाली. पॅकेट टाकून देणं वाईट, म्हणून मोडेम आणि राउटर बनवणाऱ्यांनी रांगेसाठी भरपूर जागा ठेवली. हेतू चांगला होता, पण रांग लांबच लांब असेल तर ती भरून पॅकेट पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो. ‘पोच न येणं हाच निरोप’ असं मानणाऱ्या टीसीपीला निरोपच वेळेवर मिळेना. घरात कुणीतरी मोठी फाइल चढवायला घेतली की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, त्याचं हे एक कारण. जिम गेटिस याला 2010 साली आपल्याच घरात हा अनुभव आला आणि त्याने या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं.

2012मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी राउटरमधल्या रांगेवर एक उपाय मांडला. 2016 साली गूगलच्या पाच जणांनी ‘बीबीआर’ नावाची नवीन रीत जाहीर केली. त्या पाचांतही जेकबसन होता. 1988मध्ये ज्या गृहीतावर त्याने सगळी इमारत उभी केली होती, ते इथे त्यानेच बाजूला ठेवलं: पॅकेट हरवलं म्हणजे गर्दीच झाली, असं आता धरता येत नाही. बीबीआर हरवलेल्या पॅकेटांवरून अंदाज बांधत नाही. आपला मजकूर पलीकडे खरोखर किती वेगाने पोचतोय आणि जाऊन-येऊन कमीत कमी किती वेळ लागतो, या दोन मोजमापांवर ती चालते. तिच्यावर टीकाही लगेच झाली. वाटेत रांगेला जागा कमी असेल तिथे ती जुन्या रीतीच्या शेजाऱ्यांना कोपऱ्यात रेटते, असं इतर संशोधकांच्या चाचण्यांत दिसलं, आणि तिच्यात सुधारणा कराव्या लागल्या.

बीबीआरचा आलेख करवतीसारखा दिसत नाही. पहिल्या आवृत्तीत आठ फेऱ्यांचं एक आवर्तन आहे. एका फेरीत ती सव्वापट वेगाने पाठवून पाहते, रस्त्यावर आणखी जागा झालीय का म्हणून. लगेच पुढच्या फेरीत पाऊणपट, म्हणजे आगाऊपणाने जी रांग साचली असेल ती उपसून टाकायला. उरलेल्या सहा फेऱ्या ती गुपचूप आपल्या वाट्याइतकंच पाठवते.